दिवस चांगला गेला, असे छापले गेले

सोमवार, ४ नोव्हेंबर

आमच्या न्हाणीघरात टॉवेलांसाठी तीन खुंट्या आहेत. पहिली ठकूची, दुसरी तिच्या आईची, तिसरी माझी. माझी खुंटी गेल्या बुधवारपासून ढिली झाली आहे. ओला टॉवेल टांगला की ती आधी विनयाने वाकते आणि मग साष्टांग नमस्कार घालते. दुसरी खुंटी कालपासून रिकामी आहे. कोणत्याही सुसंस्कृत राज्यात रिकामी जागा गरजूला मिळते. इथे नाही. सकाळी मी माझा टॉवेल तिथे टांगला आणि तोंड धुऊन वळलो, तर तो खाली जमिनीवर, चौकोनी घडी घालून ठेवलेला.

"ती आईची," ठकू म्हणाली.

आई पाच आठवडे येणार नाही, सबब खुंटी पाच आठवडे निरुपयोगी आहे, असा मी रीतसर युक्तिवाद केला. तिने पूर्ण ऐकून घेतला.

"ती आईची."

या मुलीला क्रमाचा सोस फार. दुसरे काही नाही. दिवसभर माझा टॉवेल खुर्चीवर वाळला, म्हणजे वाळला नाही. निषेध नोंदवून ठेवतो.

आता मुख्य वृत्त. ठकूची आई पुलांची तपासणी करते. आमच्या घरात संस्कृत मी शिकलो आणि उपयोगाचे ती शिकली. काल ती नदीकाठच्या कामावर गेली. आठ डिसेंबरला परत येईल. मी एका दैनिकाचा वार्ताहर. बावीस वर्षे नगरपालिकेच्या सभा ऐकतो आहे, त्यामुळे माझ्या सहनशक्तीबद्दल कोणाला शंका नसावी. पण सकाळचे खाते माझ्याकडे कधीच नव्हते.

ठकू नऊ वर्षांची. ती तीन वर्षांची असताना डॉक्टर म्हणाले, ऑटिझम, मराठीत स्वमग्नता. तो शब्द मला तेव्हाही पटला नव्हता. स्वतःत मग्न आमचे संपादक आहेत. ठकूला उलट जग जरा जास्तच ऐकू येते.

पहिल्या शाळेने हात टेकले. ही दुसरी. तिसरी आमच्या आवाक्यात नाही. मुख्याध्यापिकांनी महिना दिला आहे, ६ डिसेंबरपर्यंत: घंटेच्या आत वर्गात यायचे, शांत बसायचे, आणि वर्गशिक्षिकेला बाकीची एकतीस मुले सोडून तिच्यामागे धावावे लागू नये. जमले तर नाव पटावर, नाहीतर पुन्हा घर.

आज पहिला दिवस. चाळीस मिनिटे उशीर.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

आज पंचवीस मिनिटे. प्रगती म्हणावी तर कारण लाजिरवाणे आहे.

तिच्या आईने सकाळसाठी सात चित्रे करून ठेवली आहेत: दात, अंघोळ, गणवेश, असे क्रमाने. काल रात्रीच्या आवराआवरीत माझ्या हातून ती सांडली आणि मी ती अंदाजाने परत लावली. त्यामुळे आज चित्रांच्या मते बूट घातल्यानंतर अंघोळ होती. ठकू बूट घालून न्हाणीघराच्या दारात उभी राहिली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. मग कानांवर हात, मग एकसुरी आवाज.

फोनवर बाईसाहेबांना, म्हणजे ठकूच्या आईला, सांगितले.

"अहो, चित्रांच्या पाठीमागे आकडे घातलेत मी."

"पाठीमागे कोण बघतो?"

"ठकू बघते," ती म्हणाली. "पण ती म्हणत असणार, बाबांनी लावलंय म्हणजे काहीतरी असेल."

मला चित्रे काढता येत नाहीत, लावता येत नाहीत. लिहिता येते. ठकूला वाचता येते. पेपर ती माझ्याआधी वाचते, पृष्ठक्रमांकांसकट.

बुधवार, ६ नोव्हेंबर

काल संध्याकाळी कागदावर चौकट आखून लिहिले आणि फ्रिजच्या दाराला लावले:

*उद्याचे वृत्त. मंगल प्रभाती साडेसहा वाजता ठकू उठेल. त्यानंतर ती दात घासेल. अंघोळ होईल. गणवेश घालून ती दूध-पाव खाईल. सात पंचवीसला बाप-लेक बाहेर पडतील. सात चाळीसला बारा क्रमांकाची बस येईल. घंटेच्या आत ठकू वर्गात प्रवेश करेल, असे विश्वसनीय सूत्रांकडून समजते.*

ठकूने तीनदा वाचले. एकदा बोट ठेवून, एकदा न ठेवता, एकदा डोळे मिटून.

सकाळी सर्व काही छापल्याप्रमाणे घडले. घंटेला सहा मिनिटे बाकी होती. बावीस वर्षांत माझी बातमी आधी आणि घटना नंतर, असे प्रथमच झाले.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

फ्रिजवरच्या वृत्तातले 'मंगल प्रभाती' पेन्सिलीने खोडलेले आढळले. वर लिहिले होते: *सकाळी*. 'विश्वसनीय सूत्रांकडून समजते' हेही गेले.

"सूत्र कोण?" ठकूने विचारले.

"मीच."

"मग तू लिही."

संस्कृतच्या वर्गात आम्हाला अलंकार घोटवून घेतले होते. ते उतरवायला नऊ वर्षांची बाई लागली. यापुढे कोरडे लिहीन.

सोमवार, ११ नोव्हेंबर

सलग चौथा दिवस वेळेवर. यशाने माणूस वाहवतो, तसा मी वाहवलो आहे. शुक्रवारपासून सायंआवृत्तीही सुरू केली. शाळेतून आल्यावर दोन ओळी: *ठकू आज शाळेत गेली. दिवस चांगला गेला.* ती वाचते आणि भोके पाडून फायलीत लावते. वाचक मिळावा तर असा.

फाईल बंद करून ती जेवणाच्या टेबलाखाली जाते. चादर खाली ओढून घेते, आत दीड तास असते. मी वर बसून माझी बातमी लिहितो. खालून पायाला तिची पाठ लागते, ती हलवत नाही, मीही हलवत नाही. श्रमानंतर विश्रांती हवीच.

ठकूच्या शर्टाची उजवी बाही मनगटाशी झिजून चिंध्या झाली आहे. आठवड्यात. कापड निकृष्ट. गणवेशवाल्याला खरमरीत पत्र लिहिले.

फोनवर बाईसाहेबांना पुलांचे विचारले. "पूल बरा दिसतोय," म्हणाली, "पण दिसण्यावर जाऊन कसं चालेल? पूल कधी तक्रार करतो का? म्हणून तर आम्हाला खाली उतरून बघावं लागतं." तिला स्वतःच्या कामाचे कौतुक फार.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आजचे सविस्तर लिहितो.

सात चाळीसला बस आली. तिच्यावर सत्तावीस हा आकडा होता. बाराची बस बिघडली, तिच्या जागी ही आली, चालक तोच, रस्ता तोच. ठकूने आकडा पाहिला आणि फुटपाथवर बसली.

"बारा छापलंय."

"अगं, हीच ती. आकडा तेवढा बदलला."

"बारा छापलंय." मग तिने स्वतःच्या कपाळावर हात मारायला सुरुवात केली, मोजून मारावे तसा. मी माझा तळहात मध्ये धरला. तिचा हात माझ्या तळव्यावर बसत राहिला. लोक थांबले. एक सद्गृहस्थ म्हणाले, "लाडावलीय हो." मी बावीस वर्षे सार्वजनिक ठिकाणी शब्द वापरून पोट भरतो, त्या क्षणी एकही सुचला नाही.

चालक खिडकीतून डोकावला. "साहेब, घ्यायचं का थांबायचं?"

"दोन मिनिटं."

मग, का ते माहीत नाही, दुसऱ्या हाताने खिशातली वही काढली, गुडघ्यावर ठेवली आणि लिहिले. दैनिकात आम्ही हेच करतो, आणि करताना दात-ओठ खातो:

*चूकदुरुस्ती. आजच्या वृत्तात बसचा क्रमांक बारा असे छापले गेले. बसचा क्रमांक सत्तावीस आहे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.*

पान तिच्यासमोर धरले. हात कपाळापर्यंत जाऊन थांबला. तिने वाचले. पुन्हा वाचले.

"कोण दिलगीर?"

"मी."

"सही."

मी सही केली आणि पान फाडून दिले. तिने पान घडी करून खिशात ठेवले, उठली, आणि सत्तावीस क्रमांकाच्या बसमध्ये चढली, जणू तिचा आणि त्या बसचा जन्माचा घरोबा.

"माझीपण दिलगिरी लिहा साहेब," चालक म्हणाला. "डेपोत पाच मिनिटांचा हिशोब द्यायचाय."

घंटा वाजता वाजता पोहोचलो. सायंआवृत्तीत लिहिले: *बस वगळता दिवस चांगला गेला.*

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

ठकूने मला कचेरीतून जुन्या अंकांचा गठ्ठा आणायला लावला. तिने संध्याकाळभर फक्त चूकदुरुस्त्या शोधून वाचल्या. मृत घोषित केलेले एक माजी नगरसेवक हयात असल्याची दुरुस्ती तिला विशेष आवडली.

"चुकलं तर छापायचं?"

"हो."

"रागवत नाहीत?"

"रागवतात. तरी छापायचं."

यावर तिने गठ्ठा नीट रचला. मग टेबलाखाली गेली.

बुधवार, २० नोव्हेंबर

शुभवार्ता. वर्गशिक्षिका दारात भेटल्या. तरुण आहेत, आवाज इतका मऊ की पुढे वाकून ऐकावे लागते. म्हणाल्या, "काळजी करू नका. इतकी शांत बसते, की वर्गात आहे हे कळतही नाही."

मी तिथल्या तिथे पेढे वाटायचेच बाकी ठेवले. संध्याकाळी फोनवर शब्दशः सांगितले.

"कळतही नाही?" बाईसाहेब म्हणाल्या.

"हो ना."

"ठकू आहे, हे कळतही नाही?"

नदीकाठी नेटवर्क भिकार आहे, दोनदा सांगावे लागते.

टेबलाखालचा मुक्काम आता तीन तासांवर गेला आहे. जेवण म्हणजे नुसता पाव, तोही कडा काढून. वाढीचे वय. नवीन शर्टाचीही बाही गेली. गणवेशवाल्याचे उत्तर आले: 'इतर कोणत्याही ग्राहकाची तक्रार नाही.' उद्धट.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

शाळेतून आल्यावर ठकू टेबलाखाली गेली नाही. फाईल घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. काल संध्याकाळच्या पानाखाली तिने एक नवीन कागद लावला होता. चौकट पट्टीने आखलेली. माझ्यापेक्षा सरळ. जसाच्या तसा उतरवून घेतो.

*चूकदुरुस्ती. २५ तारखेच्या वृत्तात दिवस चांगला गेला असे छापले गेले. दिवस चांगला गेला नाही. दाराकडून तिसरा पंखा वाजतो. सगळे एकदम बाक ओढतात. मी बाही चावते म्हणजे ओरडणार नाही. दुपारी ऐकू येणं बंद होतं. चुकीबद्दल दिलगीर आहे.*

खाली सही.

मी दोनदा वाचले. मग विचारले, "ठकू, रोज असंच होतं का?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू छापत होतास."

"आणि हे, खालचं. तू कशाला दिलगीर? बातमी माझी होती."

तिने विचार केला. "तसं लिहितात," म्हणाली.

फायलीत अशी बारा पाने आहेत. मी प्रत्येकावर 'चांगला' लिहिले आहे, एकदाही न विचारता. नगरपालिकेचा कोणी अधिकारी असा अहवाल देता तर मी त्याला पहिल्या पानावर फाडून खाल्ला असता.

गणवेशवाल्याला दिलगिरीचे पत्र टाकले.

बुधवार, २७ नोव्हेंबर

प्रामाणिकपणे लिहायचे तर आज सकाळी माझ्या मनात आले ते असे: आठ दिवस उरलेत. मुख्याध्यापिकांना शांत मुलगी हवी होती, शांत मुलगी मिळाली आहे. आठ दिवस हा कागद फायलीत राहिला तर नाव पटावर चढेल. मग बघू पंख्याचे. तिसरी शाळा नाही, हे मला विसरता येत नाही.

फोनवर हे सगळे बाईसाहेबांपुढे मांडले, दोन्ही पक्ष, अगदी न्यायमूर्तीच्या थाटात.

"झालं तुमचं?" ती म्हणाली.

"झालं."

"आठ दिवस तिनं बाही चावायची, असंच ना?"

मी फाईल उघडून तो कागद पुन्हा वाचला.

"भीती मलाही वाटते हो. मी इथे रोज संध्याकाळी तेच करते, भीत बसते. पण तिनं लिहून दिलंय. पहिल्यांदा. आता तुम्ही ते दाबलंत, तर ती परत लिहील का?"

बातमी दाबणे हा शब्द तिने मुद्दाम वापरला असणार. लागायचा तिथेच लागला.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेलो. टेबलावर काही नाही, फक्त एक वही आणि चष्मा. आवाज असा, की त्यांच्यासमोर सगळेच इयत्ता तिसरीतले होतात. मी ठकूची चूकदुरुस्ती पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचली, मग शिपायाला पाठवून वर्गशिक्षिकेला बोलावले. त्यांनी उभ्यानेच वाचली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"मला वाटलं, रमली आहे."

"मलाही," मी म्हणालो. "मी तर रोज छापत होतो."

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आपलं काय ठरलं होतं? शांत बसायचं. मी वहीत लिहून ठेवलंय. आता तुम्ही सांगताय की ती शांत बसणार नाही."

"ती शांत बसते आहे, पण त्याची किंमत बाहीवर पडते आहे," मी म्हणालो. "मी असं म्हणतोय की ती सांगेल. लिहून सांगेल. त्या वेळी तिला वर्गाबाहेर जाऊ द्यावं. तेवढंच."

"आणि सगळीच मुलं म्हणाली, आम्हीही जातो, तर?"

वर्गशिक्षिकेने डोळे पुसले आणि त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "बाई, तिसरा पंखा मलाही छळतो. गेली दोन वर्षं. मी कुणाला बोलले नाही."

मुख्याध्यापिकांनी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग कागदाकडे.

"अक्षर चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

ठरले ते असे. ठकू खिडकीकडच्या रांगेत बसेल. तास बदलायच्या दोन मिनिटे आधी ती बाहेर पडेल. जिन्याखाली नकाशे ठेवायची एक छोटी खोली आहे. चिठ्ठी देऊन तिला तिथे जाता येईल. पंखा बघायला माणूस येईल. पटाचा निर्णय मात्र सहा तारखेलाच. "मी कुणाला आधी शब्द देत नाही," त्या म्हणाल्या.

घरी येऊन बाराही पानांची चूकदुरुस्ती लिहिली. प्रत्येकाची वेगळी. ठकूने एकेक तपासली, सही पाहिली आणि फायलीत लावली. दहा मिनिटे टेबलाखाली जाऊन आली आणि अंडे मागितले.

सोमवार, २ डिसेंबर

आज दोनदा चिठ्ठी देऊन नकाशाच्या खोलीत गेली. वर्गशिक्षिका सांगत होत्या, पहिल्यांदा वीस मिनिटांनी आली, दुसऱ्यांदा आठ. एकदा मात्र चिठ्ठी न देताच उठून गेली, आणि त्यांना एकतीस मुले सोडून मागे धावावे लागले. नेमके अटीत होते तेच.

"वर कळवलं का?" मी विचारले.

"कळवलं," त्या म्हणाल्या. "खोटं कसं सांगू?"

बरोबर आहे. या लोकांना हे वळण आम्हीच लावले.

सायंआवृत्ती आता मी एकटा काढत नाही. मी विचारतो, ती सांगते, मी लिहितो. आजची: *सकाळ बरी. दुपार वाईट. नकाशात एक बेट उलटं चिकटवलं होतं, ते सरळ केलं. पुन्हा दुपार वाईट. भात खाल्ला.* बाही कोरडी होती.

गुरुवार, ५ डिसेंबर

वर्गातल्या एका मुलीने, दोन वेण्या आणि अखंड बडबड, शिक्षिकेला चिठ्ठी दिली: 'मलाही बाक ओढल्याचा त्रास होतो.' मुख्याध्यापिकांची भीती खरी ठरली. मग शिक्षिकेने सगळ्या वर्गाला बाक उचलून ठेवायला सांगितले. आता तास बदलताना पालखी निघाल्यासारखे दिसते म्हणे.

ठकूला विचारले, ती मुलगी कोण.

"ती बोलते," ठकू म्हणाली. "पण नकाशाच्या दाराशी आल्यावर थांबते."

उद्या निर्णय. मला जेवण गेले नाही. ठकूने माझ्या ताटातला पाव घेतला, कडा काढल्या आणि परत ठेवला.

शुक्रवार, ६ डिसेंबर

मुख्याध्यापिकांनी वही उघडली आणि वाचून दाखवली, जशी सभेची इतिवृत्ते वाचतात. पाच आठवड्यांत दोनदा उशीर, तोही पहिल्या दोन दिवसांत. एकदा न सांगता वर्गाबाहेर. मग चष्मा काढला.

"अट मी चुकीची घातली होती," त्या म्हणाल्या. "शांत बसणं म्हणजे शिकणं नव्हे, हे तीस वर्षांत मला कळायला हवं होतं. वहीत दुरुस्त केलंय." वही माझ्याकडे फिरवली. जुनी ओळ खोडलेली, वर नवी लिहिलेली, बाजूला सही. ठकूचे नाव पटावर आहे. वर्ष संपेपर्यंत तरी आहे. पुढच्या वर्षी पुन्हा बसून बोलायचे.

बाहेर येऊन ठकूला सांगितले. तिने विचारले, सोमवारी बाराची बस की सत्तावीसची. मी म्हणालो, माहीत नाही, आली की कळेल. ती म्हणाली, तसंच लिही. बाईसाहेबांना फोन केला तर त्या पुलाखाली होत्या. मागे पाण्याचा आवाज, आणि त्यांना बोलता येईना. नेटवर्क उत्तम होते.

घर शांत आहे. ठकू टेबलाखाली नाही, टेबलाशी बसून बेटांची नावे लिहिते आहे. आनंद झाला आहे, तो नाकारत नाही. पण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवतो.

बारा दिवसांच्या चुका मी दुरुस्त केल्या, कारण त्या तिने दाखवल्या. त्याआधी नऊ वर्षे आहेत. तेव्हा कागद नव्हता, चौकट नव्हती, आणि ती गप्प असली की मी बरे चालले आहे असे समजत होतो. त्या वर्षांत तिला काय काय सोसावे लागले, मला माहीत नाही. आणि आजही तिने एखादी गोष्ट लिहिली नाही, तर ती मला तिच्याकडे बघून कळेल, याची मला खात्री नाही.